मुलांनी राखलेले रान

रानावनांचे, माळांचे, नद्यांचे व त्यांत राहणाऱ्या जीवांचे रक्षण करावे असा विषय निघाला म्हणजे पुष्कळ मोठी माणसे म्हणतात, "हे सरकारचे काम आहे; फार तर विद्वानांचे. ह्यात लेकरांनी काय करावयाचे?" जी माणसे असे म्हणत नाहीत, ती बहुधा दुसऱ्या टोकास जातात. ती मुलांच्या हाती फलक देतात, गावातून एक फेरी काढवितात, एक रोपटे लाववितात, आणि काम झाले असे समजून घरी जातात. ते रोपटे चैत्राच्या उन्हात वाळून जाते व त्याची विचारपूस कोणी करीत नाही. ही दोन मते परस्परांच्या उलट दिसतात खरी. परंतु त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती ही की मुलांच्या हातून खरे काम व्हावयाचे नाही.

ही समजूत बरोबर आहे काय, हे आजच्या धड्यात पाहावयाचे आहे. त्यासाठी आम्ही वाचकांपुढे एक घडलेली गोष्ट ठेवतो. ती दूर देशची आहे. परंतु ज्या गावांत आमचे वाचक राहतात त्या गावांसही ती लागू पडेल असे आम्हांस वाटते.

(१) ते रान कोठे आहे व कसे आहे

मध्य अमेरिकेत कोस्टा रिका नावाचा एक लहान देश आहे. त्याच्या एका बाजूस कॅरिबियन समुद्र व दुसऱ्या बाजूस पॅसिफिक महासागर असून मधून डोंगरांच्या रांगा गेल्या आहेत. त्या डोंगरांवर मोंतेवेर्दे नावाचे एक गाव आहे. ह्या नावाचा अर्थ 'हिरवा डोंगर' असा होतो. कॅरिबियन समुद्रावरून येणारे ओलसर वारे ह्या डोंगरास अडतात, वर चढतात, वर चढता चढता थंड होतात, आणि त्यांतील बाष्पाचे धुके होते. आपल्याकडे घाटमाथ्यावर आषाढ-श्रावणात ढग उतरून झाडांत शिरतात, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांस त्या रानाची कल्पना येईल. भेद इतकाच की तेथे वर्षाचा बराचसा काळ असेच असते.

अशा रानात झाडांच्या फांद्यांवर शेवाळ, नेचे व नाना जातींची आमरीची फुले ह्यांची इतकी दाटी असते की मूळ फांदी दिसू नये. धुके ह्या सर्वांस लागते, त्याचे थेंब होतात व ते खाली ठिबकतात. म्हणजे पाऊस पडत नसतानाही रान जमिनीस पाणी पाजीत असते, आणि तेच पाणी झऱ्यांनी व ओढ्यांनी खालच्या शेतांस पोहोचते. झाडे तोडली म्हणजे धुके तसेच वरून निघून जाते; त्यास अडविण्यास कोणी उरत नाही.

ह्या रानात केत्साल नावाचा एक पक्षी राहतो. त्याचा रंग चकचकीत हिरवा, पोट लाल, आणि नराच्या शेपटीवरील पिसे शरीराहूनही लांब. त्यास घरटे करण्यासाठी जुने, कुजू लागलेले, पोखरता येईल असे झाड लागते. खाण्यासाठी रानटी ॲव्होकाडोच्या जातीची लहान फळे लागतात. तो फळ सगळेच गिळतो व बी मागाहून दुसरीकडे ओकून टाकतो. त्या बीपासून नवे झाड उगवते. अशा प्रकारे झाड पक्ष्यास पोसते आणि पक्षी झाडाचा वंश चालवितो.

'वसतिस्थान' ह्या शब्दाचा अर्थ ह्यावरून नीट समजतो. ते केवळ राहण्याचे ठिकाण नव्हे. अन्न, पाणी, आसरा, पिले वाढविण्याची जागा व शेजारी ह्या सर्वांचा मेळ म्हणजे वसतिस्थान. ह्यांपैकी एक काढून घेतले तर बाकीचे असूनही तो जीव तेथे टिकत नाही.

(२) प्रथम ते रान कोणी राखले

१९४० च्या दशकात कोस्टा रिका देशाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग रानाखाली होता. पुढे गुरांच्या चराऊ कुरणांसाठी व शेतीसाठी झपाट्याने तोड झाली, आणि १९८० च्या दशकात सुमारे एक-चतुर्थांश भागच रान उरला. एका मनुष्याच्या अर्ध्या आयुष्यात हे घडले.

ह्या काळात, १९५१ साली, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अलाबामा प्रांतातून क्वेकर पंथाची काही कुटुंबे मोंतेवेर्दे येथे येऊन राहिली. युद्धात शस्त्र धरावयाचे नाही असा ह्या पंथाचा नेम आहे. सक्तीच्या सैन्यभरतीसाठी नाव नोंदविण्याचे नाकारल्यामुळे त्यांच्यातील काही तरुणांस कारावास भोगावा लागला होता. कोस्टा रिकाने १९४८ साली आपले सैन्यच मोडून टाकले, हे ऐकून ही मंडळी त्या देशी गेली. त्यांनी डोंगरावर जमीन घेतली, गाई पाळल्या व चीज करण्याचा धंदा सुरू केला. त्यांनीही झाडे तोडली. परंतु ज्या माथ्यावरून गावाचे पाणी येत होते तेथील ५५४ हेक्टर रान त्यांनी आरंभापासूनच अलग ठेविले. त्या वेळी त्यांच्या मनात पक्ष्यांचा विचार मुख्य नव्हता. पाणी टिकावे इतकाच हेतू होता. तथापि त्या साध्या शहाणपणामुळेच पुढील सर्व कार्यास पाया मिळाला.

ह्या मंडळीत विल्फर्ड गिंडन नावाचा एक गृहस्थ होता. त्याने अनेक वर्षे यंत्राच्या करवतीने रान तोडून शेते केली. पुढे जॉर्ज पॉवेल नावाचा पक्ष्यांचा अभ्यास करणारा एक तरुण तेथे आला, आणि त्या दोघांच्या खटपटीने १९७२ साली मोंतेवेर्देचे राखीव रान स्थापन झाले. ज्याने करवत चालविली तोच पुढे कितीएक वर्षे त्या रानाच्या पायवाटा तुडवीत राखणदार झाला. मनुष्याचा धंदा बदलू शकतो, हे आम्ही येथे मुद्दाम सांगतो. कारण रान तोडणाऱ्यास शत्रू म्हणून ओळखण्याची सवय मुलांस सहज लागते. ती लागू देऊ नये.

(३) एका मुलाचा प्रश्न

आता आपण स्वीडन देशात जाऊ. हा देश युरोपाच्या उत्तरेस, कडाक्याच्या थंडीचा, कोस्टा रिकापासून हजारो मैल दूर. तेथे एका खेड्यातील लहान शाळेत एहा केर्न नावाच्या बाई शिकवीत असत. १९८७ साली त्यांच्या वर्गात उष्ण प्रदेशांतील रानांचा पाठ चालला होता. ती राने किती वेगाने तोडली जात आहेत हे मुलांनी ऐकले. तेव्हा रोलंड नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाने विचारले की, हे थांबविण्यास आपल्याला काय करता येईल?

वाचकहो, असा प्रश्न आपल्या गावच्या शाळेत अथवा घरी निघाला असता तर आपण काय उत्तर दिले असते? "तू अगोदर आपला अभ्यास कर," असे बहुधा म्हटले असते. अथवा, "मोठा झालास म्हणजे कर," असे. त्या बाईंनी तसे केले नाही, आणि जे उत्तर आपणांजवळ नाही ते आहे असेही भासविले नाही. मोंतेवेर्दे येथे काम केलेल्या शॅरन किन्समन नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञ बाईंस त्यांनी शाळेत बोलाविले. त्यांनी मुलांस रानाची चित्रे दाखविली, आणि तेथील रान विकत घेऊन कायमचे राखता येते, असे सांगितले.

मग मुले कामास लागली. त्यांनी नाटुकले करून दाखविले, वस्तू विकल्या, आणि पैसा जमविला. त्या पहिल्या पैशातून सुमारे ६ हेक्टर, म्हणजे १५ एकर, रान घेता आले. इतकी जमीन म्हणजे आपल्याकडील एका मध्यम शेतकऱ्याचे रान. जगाच्या हिशोबात ती काहीच नव्हे. परंतु तिला सीमा होत्या, तिची किंमत चुकती झाली होती, आणि ती तोडली जाणार नव्हती. "जग वाचवा" अशी घोषणा करणे व पंधरा एकर रान वाचविणे ह्यांत काय अंतर आहे, ते ह्यावरून कळते.

(४) थेंबाचे तळे कसे झाले

ही वार्ता स्वीडनातील इतर शाळांत गेली. एहा केर्न व त्यांचे पती ह्यांनी ह्या कार्यासाठी 'मुलांचे रान' ह्या अर्थाच्या नावाची एक संस्था काढली. पुढे इंग्लंड, जर्मनी, जपान, अमेरिका अशा देशांतील मुले त्यात सामील झाली. एकंदर ४४ देशांतील मुलांचे साहाय्य ह्या कार्यास मिळाले. आज त्या रानाचा विस्तार २२,००० हेक्टरांहून, म्हणजे ५४,००० एकरांहून अधिक आहे, आणि कोस्टा रिकातील खाजगी मालकीच्या राखीव रानांत ते सर्वांत मोठे आहे. त्या देशाच्या स्पॅनिश भाषेत त्याचे नाव 'बोस्के एतेर्नो दे लोस निन्योस' असे आहे, म्हणजे 'मुलांचे शाश्वत अरण्य'. १९९१ साली एहा केर्न व रोलंड ह्या दोघांस मिळून गोल्डमन पर्यावरण पुरस्कार देण्यात आला.

परंतु येथे थांबून एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मुलांनी पैसा जमविला. जमीन मात्र मुलांनी घेतली नाही. ती घेण्याचे, कागदपत्र करण्याचे, त्या खोऱ्यात ज्यांच्या जमिनी होत्या त्यांस मोल देण्याचे, आणि मागाहून राखणदार ठेवण्याचे काम मोंतेवेर्दे येथील लोकांनी १९८६ साली स्थापिलेल्या एका संस्थेने केले. पुढेही तेच राखीत आले. मुलांचा उत्साह आणि मोठ्यांचा प्रामाणिक हिशोब ही दोन्ही चाके नसती तर तो गाडा चालला नसता. मुलाने खाऊचा पैसा एखाद्या चांगल्या कामास दिला आणि तो कोठे गेला हे त्यास कोणी सांगितलेच नाही, तर दुसऱ्या खेपेस ते मूल देणार नाही. आणि त्यात त्याचा दोष नाही.

दुसरी गोष्ट अशी की, मोबदला न देता शेतकऱ्यास हुसकावून रान राखले गेले नाही. डोंगरावरच्या गरिबाने झाड तोडले ते बहुधा पोटासाठी. त्याच्या पोटाची व्यवस्था केल्यावाचून त्याचा हात धरणे न्यायाचे नव्हे, आणि ते टिकणारेही नव्हे. पुढे त्या देशाच्या सरकारनेही १९९६ च्या कायद्याने रान राखणाऱ्या जमीनमालकांस त्याबद्दल पैसे देण्याची सोय केली. आज तो देश पुन्हा निम्म्याहून अधिक रानाखाली आहे. गेलेले रान परत येऊ शकते, ही आशेची गोष्ट मुलांस अवश्य सांगावी.

(५) कुंपण पुरे पडत नाही

आशेबरोबर सत्यही सांगितले पाहिजे. मोंतेवेर्देच्या माथ्यावर एक लहान बेडूक राहत असे. नराचा रंग झळझळीत नारिंगी, म्हणून त्यास सोनेरी बेडूक म्हणत. जगात दुसरीकडे कोठेही तो आढळला नव्हता. १९८७ साली, म्हणजे ज्या वर्षी स्वीडनातील त्या मुलाने प्रश्न विचारला त्याच वर्षी, डबक्यांभोवती सुमारे १,५०० सोनेरी बेडूक मोजले गेले. पुढच्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके दिसले. १९८९ साली एक दिसला. त्यानंतर कोणासही तो दिसलेला नाही, आणि २००४ साली तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

त्याचे रान कोणी तोडले नव्हते. ते १९७२ पासून राखलेले होते. मग बेडूक का गेला? बेडकांच्या कातडीस लागणारी एक रोगट बुरशी, आणि त्या वर्षांतील विलक्षण कोरडी हवा, अशी दोन कारणे शास्त्रज्ञ देतात. कोणते किती ह्याविषयी त्यांच्यात मतभेद आहेत. काहीही असो, रोग व हवा ही कुंपण पाहून थांबत नाहीत.

केत्सालनेही असाच धडा शिकविला. त्या पक्ष्यांच्या अंगावर लहान यंत्रे बसवून त्यांचा माग काढला, तेव्हा असे दिसले की विणीचा हंगाम संपल्यावर ते फळांच्या शोधात डोंगर उतरून खाली जातात, आणि तेथील रान पुष्कळ ठिकाणी राखीव नव्हतेच. माथा राखला व पायथा उघडा टाकला, तर पक्षी अर्धे वर्ष उपाशी. म्हणूनच सहा हेक्टरांवर न थांबता उतारांवरील रान जोडीत जाणे अगत्याचे होते.

ह्यावरून मुलांनी निराश व्हावे काय? मुळीच नव्हे. एक बेडूक गेला म्हणून त्या २२,००० हेक्टरांतील असंख्य जीवांचे राहते घर व्यर्थ ठरत नाही. शिकावयाचे ते इतकेच की, रक्षण हे एका दिवसाचे कृत्य नसून नित्याची राखण आहे. जो मोजतो त्यासच कमी झालेले कळते. १९८७ साली कोणी मोजले नसते, तर सोनेरी बेडूक गेल्याचेही जगास कळले नसते.

(६) आपल्या गावच्या मुलांनी काय करावे

कोणी म्हणेल, "स्वीडनच्या मुलांपाशी पैसा होता, आमच्या मुलांच्या खिशात काय आहे?" हे खरे, परंतु आमच्या मुलांपाशी एक असे धन आहे जे त्या मुलांपाशी नव्हते. त्यांचे रान हजारो मैल दूर होते. आमचे रान, माळ, ओढा व तळे दारापाशी आहे. जगातील वसतिस्थाने म्हणजे काही वेगळी वस्तू नव्हे. अशा लहान लहान ठिकाणांचीच ती बेरीज आहे. तेव्हा मुलांकडून पुढील कामे करवून घ्यावी.

प्रथम, जागा ओळखावी. शाळेच्या अथवा घराच्या जवळचे एक ठिकाण निवडावे: एक जुना उंबर, एक डबके, ओढ्याचे एक वळण. तेथे कोणते पक्षी, कीटक, बेडूक, झाडे आहेत ते वर्षभर वहीत लिहावे. २००२ च्या जैवविविधता कायद्यास अनुसरून गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. आपल्या ग्रामपंचायतीत ती आहे काय, असे मुलांनी शिक्षकांबरोबर जाऊन विचारावे, व आपली टिपणे तेथे द्यावी. गुराखी पोरास जे ठाऊक असते ते पुष्कळदा पुस्तकात नसते.

दुसरे, झाड लावण्यापूर्वी विचार करावा. वड, पिंपळ, उंबर ह्यांची फळे खाऊन हरियाल जगतो. तो महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. केत्सालचे व त्याच्या फळझाडाचे जे नाते, तेच हरियालचे व उंबराचे. म्हणून गावचीच झाडे, गावच्याच बियांपासून वाढवावी. पाच लावून पाचही जगवावी. शंभर लावून विसरू नये. आणि प्रत्येक उघडा माळ झाडांनी भरावा असेही नाही. माळढोक पक्षी उघड्या गवताळ माळावरच राहतो व जमिनीवरच अंडे घालतो. त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नज येथील माळ १९७९ साली राखीव झाला. तरी तो पक्षी आज अत्यंत दुर्मिळ आहे. माळ म्हणजे पडीक जमीन, ही समजूत त्याच्या नाशास पुष्कळ कारण झाली. मुलांनी गवतासही रानाचा मान द्यावा.

तिसरे, बेचकी खाली ठेवावी. घरट्यातील अंडी काढणे, पिले धरून आणणे, साप दिसताच ठेचणे ह्या खोड्या मुले मोठ्यांचे पाहूनच शिकतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांची शिकार मना आहे, हे मुलांस सांगावे. परंतु कायद्याच्या भयापेक्षा दयेची सवय अधिक काळ टिकते. सापाजवळ मात्र मुलांनी जाऊ नये. मोठ्यांस हाक मारावी.

चौथे, वणव्याची खबर द्यावी. कोवळे गवत यावे म्हणून फाल्गुन-चैत्रात डोंगरास आग लावण्याची चाल काही ठिकाणी आहे. त्या आगीत सरडे, ससे, जमिनीवरील घरटी व झाडांची कोवळी रोपे जळतात. मुलांनी आगीच्या जवळ जावयाचे नाही. धूर दिसताच धावत जाऊन गावास सांगावयाचे. गुरे राखणाऱ्या मुलाच्या दृष्टीस धूर सर्वांच्या आधी पडतो.

पाचवे, पाणी स्वच्छ ठेवावे. ओढ्यात प्लास्टिकच्या पिशव्या व औषध फवारलेले डबे टाकू नयेत. असे डबे मुलांनी हाताळू नयेत. घरातील मोठ्यांस आठवण करून द्यावी. ओढा हे बेडकाचे घर आहे, आणि आपल्या पुढच्या गावाचे पिण्याचे पाणीही आहे.

(७) शिक्षकांस व पालकांस दोन शब्द

ह्या गोष्टीत सर्वांत मोलाचा क्षण कोणता? आमच्या मते तो पुरस्काराचा नव्हे, आणि पहिली जमीन घेतल्याचाही नव्हे. एका मुलाने प्रश्न विचारला आणि वर्ग चालविणाऱ्या बाईंनी तो खरा मानला, तो क्षण. मूल खरा प्रश्न विचारते तेव्हा त्यास शब्दांनी वाटेस लावू नये. त्याच्या बळाइतके एक खरे काम द्यावे, त्या कामास सीमा घालून द्यावी, त्याचा हिशोब दाखवावा, आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा त्याच जागी घेऊन जावे. असे केले म्हणजे मुलांचे साहाय्य देखावा राहत नाही. न केले तर मुलांस दोष देण्याचा अधिकार आम्हां मोठ्यांस नाही.

मुलांस विचारावयाचे प्रश्न

१. धुक्याच्या रानातून पाऊस नसतानाही पाणी कसे मिळते?
२. केत्साल आणि रानटी ॲव्होकाडो एकमेकांच्या कसे उपयोगी पडतात? आपल्या गावी असे कोणते पक्षी व झाडे आहेत?
३. पहिली जमीन किती होती, व आज ते रान किती आहे? मधल्या काळात मोठ्यांनी कोणते काम केले?
४. रान राखलेले असूनही सोनेरी बेडूक का नाहीसा झाला असावा?
५. आपल्या गावातील कोणती एक जागा आपण ह्या वर्षी राखणार? तिच्या चारी सीमा सांगा.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तोंडी घेऊ नये. मुलांसह त्या जागी जाऊन ते घ्यावे.